पदवी प्रमाणपत्राचे साक्षांकन : पहिली पायरी गावाकडेच

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर आपण नेहमी बेणे, लागण, खोडवा, खताचे हप्ते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी बोलतो. आजचा विषय उसाचा नाही, पण ऊस पिकविणाऱ्यांच्या घरचा आहे. उसाच्या बिलातून फी भरून आपण मुलं-मुली शिकवली. कुणी इंजिनिअर झाले, कुणी बी. एस्सी., कुणी नर्सिंग केले. त्यातली बरीच पुणे-मुंबईला नोकरीला लागली आणि आता काहींना परदेशातून बोलावणी येऊ लागली आहेत. बोलावणे आले की पहिली मागणी असते ती पदवीच्या प्रमाणपत्राच्या साक्षांकनाची. आणि इथे घरातल्या सगळ्यांचे हातपाय गळतात.

गट ऑफिसात लागणीच्या नोंदीला आलेले सभासद नोंद झाली की खुर्ची पुढे ओढतात आणि हळूच पिशवीतून फाईल काढतात. "साहेब, पोराचं डिग्री सर्टिफिकेट अटेस्टेड करून पाहिजे म्हणत्यात. तुमची सही चालंल का?"

माझी सही चालत नाही. सरपंचांची चालत नाही, हायस्कूलच्या हेडमास्तरांची चालत नाही आणि आपल्या चेअरमनसाहेबांचीही चालत नाही. मग कुणाची चालते, कोणत्या क्रमाने चालते आणि ती का लागते, हे एकदा नीट समजून घेतले तर पुष्कळ पैसा, हेलपाटे आणि मनस्ताप वाचेल. म्हणून हा लेख.

जुनी 'खरी नक्कल' आणि आताची गोष्ट

आपल्यातल्या जुन्या मंडळींच्या डोळ्यांसमोर साक्षांकन म्हटले की एक ठरलेले चित्र येते. मार्कलिस्टची नक्कल काढायची, मूळ कागद बरोबर घ्यायचा आणि राजपत्रित अधिकाऱ्याकडे किंवा गावातल्या विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जायचे. ते 'खरी नक्कल' असा शिक्का मारत, खाली सही करत. राजपत्रित अधिकाऱ्याची हिरव्या शाईची सही म्हणजे मोठा मान. दंडाधिकारी शेतावर गेलेले असले तर बांधावर जाऊन सही घ्यायची. पोलीस भरती असो की कॉलेजचा प्रवेश, त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नसे.

ती पद्धत आपल्या राज्यात आता बहुतांशी उरलेली नाही. महाराष्ट्र शासनाने ९ मार्च २०१५ च्या निर्णयाने शासकीय कामांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि साक्षांकित प्रतीऐवजी स्वयंसाक्षांकित प्रत चालेल असे ठरविले. म्हणजे अर्जदाराने स्वतःच नकलेवर सही करायची, मूळ कागद पडताळणीच्या वेळी दाखवायचा. जिथे कायद्यानेच प्रतिज्ञापत्र सांगितले आहे ती कामे याला अपवाद. तेव्हा इथल्या प्रवेशासाठी किंवा शासकीय नोकरीच्या अर्जासाठी कुणी सही-शिक्क्याकरिता पैसे मागत असेल तर आधी त्यामागचा नियम विचारावा.

परदेशाचे मात्र वेगळे आहे. दुबईच्या कंपनीला किंवा लिस्बनच्या कचेरीला आपले विद्यापीठ माहीत नाही, कुलगुरूंची सही माहीत नाही, कागद खरा की खोटा हे कळायला त्यांच्याकडे साधन नाही. म्हणून त्यांना नक्कल नको असते. त्यांना मूळ प्रमाणपत्रावरच, ओळखीच्या सरकारी सहीची साक्ष हवी असते. जुने साक्षांकन नकलेचे होते, हे मुळाचे आहे. दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो, त्यामुळे घोटाळा होतो.

एका सहीची साक्ष दुसरी सही

हे काम कसे चालते ते आपल्या कारखान्याच्या रीतीवरून चटकन कळेल. लागण झाली की तुम्ही नोंद करता. नोंदीवरून तोडीचा कार्यक्रम लागतो. कार्यक्रमावरून तोडचिठ्ठी निघते. चिठ्ठी असेल तर गाडी वजनकाट्यावर चढते. काट्याच्या पावतीवरून बिल निघते. काट्यावरचा कारकून तुमच्या शेतात येऊन लागणीची तारीख बघत नाही, तो चिठ्ठी बघतो. चिठ्ठी देणारा नोंदवही बघतो. प्रत्येकजण फक्त आपल्या आधीच्या कागदाची खात्री करतो. सगळ्याचे मूळ नोंदवहीत आहे. नोंदच नसेल तर पुढचा एकही कागद उभा राहत नाही.

साक्षांकनाचेही तसेच आहे. विद्यापीठ आपल्या दप्तराशी ताडून सांगते की हे प्रमाणपत्र आम्हीच दिलेले आहे. राज्याचे शिक्षण खाते विद्यापीठाच्या अधिकाऱ्याची सही ओळखते आणि त्याखाली आपली सही करते. दिल्लीचे परराष्ट्र मंत्रालय राज्याच्या अधिकाऱ्याची सही आपल्याकडच्या नमुन्याशी ताडते आणि आपला शिक्का किंवा चिकटपट्टी लावते. परदेशी कचेरी शेवटी फक्त परराष्ट्र मंत्रालयाची साक्ष बघते.

ही शेवटची चिकटपट्टी म्हणजे 'अपोस्टील'. नेदरलँड्समधील हेग येथे ५ ऑक्टोबर १९६१ रोजी अनेक देशांनी एक करार केला. त्याअगोदर एका देशाचा कागद दुसऱ्या देशात चालायचा तर अनेक कचेऱ्यांचे आणि शेवटी त्या देशाच्या वकिलातीचे शिक्के लागत. करारातल्या देशांनी आपसात ठरविले की, एकमेकांच्या नेमलेल्या खात्याने दिलेले एक ठराविक नमुन्याचे प्रमाणपत्र पुरे, वकिलातीची गरज नाही. भारताने २००४ साली या कराराला संमती कळविली आणि १४ जुलै २००५ पासून तो आपल्याला लागू झाला.

त्या करारात एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे, ती प्रत्येक आईबापाने ध्यानात ठेवावी. अपोस्टील फक्त तीन गोष्टींची ग्वाही देते : सही खरी आहे, सही करणाऱ्याला तो अधिकार होता आणि कागदावरचा शिक्का त्याच कचेरीचा आहे. कागदात काय लिहिले आहे, मुलगा किती शिकला, त्याला काम येते की नाही, याची ती ग्वाही देत नाही. आपले परराष्ट्र मंत्रालयही मजकुराची जबाबदारी घेत नाही. काट्याच्या पावतीवर उसाचा गोडवा लिहिलेला नसतो, तसेच हे. मुलाचा उतारा त्याने स्वतः तिथे जाऊन दाखवायचा आहे.

तेव्हा साखळी मुळापासूनच बांधावी लागते. मधली कडी आधी आणि पहिली नंतर, असे होत नाही.

कांजूरमार्गच्या खोलीत

आता एक घडलेली हकीकत सांगतो. नावे सांगत नाही, कारण घर आपल्यातलेच आहे.

आपल्या एका सभासदाचा मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर. पदवी शिवाजी विद्यापीठाची. मुंबईत नोकरीला लागला आणि कांजूरमार्गला स्टेशनच्या पूर्वेला चौघांत एक खोली घेऊन राहिला. ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो : कांजूरमार्ग हे मध्य रेल्वेवर विक्रोळी आणि भांडुप यांच्या मधले स्टेशन, फक्त धिम्या गाड्या थांबणारे. एका अंगाला लाल बहादूर शास्त्री मार्गावरची जुनी कारखानदारी आणि त्यापलीकडे पवईची आय. आय. टी., दुसऱ्या अंगाला पूर्व द्रुतगती महामार्ग आणि त्याच्यापुढे मिठागरे. पवईच्या कचेऱ्यांत आणि आसपासच्या कारखान्यांत कामाला जाणारी आपल्याकडची बरीच पोरे त्या पट्ट्यात राहतात.

त्याला दुबईच्या एका कंपनीचे नेमणूकपत्र आले. हजर होण्याची तारीख दीड महिन्यावर. अट एकच, पदवी प्रमाणपत्र साक्षांकित पाहिजे. पोराने मोबाईलवर शोधले, तर 'कांजूरमार्ग येथे पदवी साक्षांकन' अशी पाटी दाखविणारी पाने निघाली. त्याला वाटले, अरे, हे तर घराशेजारीच आहे. त्याने अजून खाली पाहिले असते तर हाच मजकूर मुलुंडसाठी, भांडुपसाठी आणि घाटकोपरसाठीही सापडला असता, फक्त गावाचे नाव बदललेले. कांजूरमार्गला साक्षांकनाची सरकारी कचेरी नाही. ती एजंटांची जाहिरात असते. एजंट म्हणाला, मूळ सर्टिफिकेट आणून द्या, आठ दिवसांत काम करतो, विद्यापीठात जायची गरज नाही.

पोरगा सावध होता, त्याने मूळ कागद लगेच दिला नाही. एक दिवस रजा काढून कुर्ल्याला उतरला आणि बसने कालिन्याला, मुंबई विद्यापीठाच्या विद्यानगरीत गेला. तिथे त्याला बरोबर तेच सांगितले जे सांगायला पाहिजे होते. तुमची पदवी आमची नाही, तुम्ही कोल्हापूरला जा.

इथेच बहुतेकांची समजूत चुकते. मुलगा कुठे राहतो याला या कामात काही किंमत नाही. पदवी कुणी दिली याला किंमत आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ चे, शिवाजी विद्यापीठ १९६२ चे, दोघांची दप्तरे वेगळी. कांजूरमार्गच्या खोलीत बसलेल्या मुलाची नोंद कोल्हापुरात, त्याच्या बापाच्या गावापासून एस. टी. च्या एका टप्प्यावर पडून होती.

मग त्याने वडिलांना फोन केला आणि वडील फाईल घेऊन गट ऑफिसात आले. फाईल उघडली तर प्रमाणपत्र लॅमिनेशन केलेले. पदवी मिळाली त्या वर्षी मोठ्या हौसेने, कागद खराब होऊ नये म्हणून, तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून करून घेतलेले. आता साक्षांकनाचे शिक्के आणि चिकटपट्टी मूळ कागदावर, बहुधा पाठीमागे, लावतात. प्लॅस्टिकवर शाई धरत नाही आणि प्लॅस्टिक ओढून काढावे तर कागदाचा पापुद्रा निघतो. शेवटी विद्यापीठाकडे दुय्यम प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा लागला, त्याला आपला वेळ लागला, पुढचे सगळे तितकेच मागे गेले.

कंपनीने एकदा मुदत वाढवून दिली. दुसऱ्यांदा दिली नाही, जागा दुसऱ्याला गेली. त्यानंतर काही दिवसांनी पोराच्या कागदावर शेवटचा शिक्का पडला. आज तो कांजूरमार्गलाच आहे, जुनीच नोकरी करतो आहे, कागद मात्र तयार आहेत. वडील मला म्हणाले, "साहेब, तोड आली आणि आमची चिठ्ठीच न्हवती, तशातली गत झाली." यापेक्षा नेमके मला सांगता येणार नाही.

कामाचा क्रम

आता क्रमवार सांगतो. फी आणि वेळा बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी त्या त्या कचेरीच्या संकेतस्थळावर पाहून किंवा फोन करूनच निघावे. क्रम मात्र बदलत नाही.

पहिली पायरी, प्रमाणपत्रावर नाव कुणाचे ते वाचा. कॉलेज कुठले होते ते विचारात घेऊ नका, प्रमाणपत्राच्या माथ्यावर कोणते विद्यापीठ आहे ते पाहा. सोलापूर जिल्ह्यातली कॉलेजे पूर्वी शिवाजी विद्यापीठाकडे होती, २००४ साली सोलापूरचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. तेव्हा एकाच कॉलेजातून शिकलेल्या थोरल्या आणि धाकट्या भावाची विद्यापीठे वेगळी असू शकतात. पुणे विद्यापीठाचे नाव २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे; जुन्या प्रमाणपत्रावर जुने नाव असले तरी दप्तर तेच. डॉक्टर, नर्स या शाखांच्या अलीकडच्या पदव्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या असतात, ते १९९८ साली झाले. त्याआधीची पदवी असेल तर त्या वेळच्या विद्यापीठाची.

दुसरी पायरी, पदवीदानाचे मूळ प्रमाणपत्र हातात आहे का ते पाहा. निकालानंतर मिळते ते तात्पुरते प्रमाणपत्र. पुष्कळ मुले तेवढ्यावर नोकरीला लागतात आणि पदवीदान समारंभाचा अर्ज भरायचे राहून जाते. परदेशासाठी मूळ पदवी प्रमाणपत्रच लागते. ते घेतलेले नसेल तर सगळ्यांत आधी त्याचा अर्ज.

तिसरी पायरी, विद्यापीठाची पडताळणी. परीक्षा विभागाकडे अर्ज, फी, मूळ प्रमाणपत्र, गुणपत्रके आणि त्यांच्या नकला द्यायच्या. विद्यापीठ आपल्या दप्तराशी ताडून पाहते आणि तसे लेखी देते. मुलगा येऊ शकत नसेल तर त्याचे अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत घेऊन आईवडिलांपैकी कुणी जाऊ शकते का, हे विद्यापीठात विचारावे. बऱ्याच ठिकाणी अर्ज ऑनलाईन भरता येतो. मुलाने मुंबईतून अर्ज भरावा आणि कागद नेण्याचे काम घरच्यांनी करावे, यात मुलाच्या दोन-तीन रजा वाचतात.

चौथी पायरी, राज्य शासन. महाराष्ट्रातल्या विद्यापीठाची पदवी असेल तर साक्ष महाराष्ट्राच्या शिक्षण खात्याची. साध्या पदव्यांचे काम उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडे, म्हणजे मुंबईत. कोणत्या कक्षात, कोणत्या वारी आणि आधी वेळ घ्यावी लागते का, ही चौकशी अगोदर करावी. इथे मात्र कांजूरमार्गच्या पोराला सोय आहे. धिम्या गाडीने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, तिथून मंत्रालय. आत जायला प्रवेशपास लागतो, तेव्हा फोटो असलेले ओळखपत्र खिशात असावे. जन्माचा किंवा विवाहाचा दाखला असेल तर त्याची वाट वेगळी, ते शिक्षण खात्याचे काम नाही. सगळे कागद एकाच खिडकीत होतील असे समजून जाऊ नये.

पाचवी पायरी, परराष्ट्र मंत्रालय. पूर्वी यासाठी दिल्लीच गाठावी लागे. १ जानेवारी २०१९ पासून हे काम मुंबईसह इतर शहरांतही होऊ लागले. मंत्रालयाचे मुंबईतले विदेश भवन वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, ते २०१७ साली सुरू झाले. परंतु कागद सरळ तिथल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर नेऊन देता येत नाही. २०१२ पासून कागद घेण्या-देण्याचे काम मंत्रालयाने काही संस्थांना नेमून दिले आहे. त्यांची यादी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते, त्या यादीतल्याच संस्थेकडे जावे. मंत्रालयाची स्वतःची फी अपोस्टीलला दर कागदामागे ५० रुपये आहे, आणि साध्या साक्षांकनाला काहीच नाही. संस्थेचा सेवाआकार वेगळा असतो. हे आकडे एवढ्यासाठी लिहिले की, कुणी हजारांत आकडा सांगितला तर त्यातले सरकारचे किती आणि सांगणाऱ्याचे किती, हे तुम्हाला कळावे.

सहावी पायरी, देश कोणता ते पाहा. हेगच्या करारातला देश असेल तर अपोस्टील झाले की आपल्याकडचे काम संपले. ओमान २०१२ पासून, बहारीन २०१३ च्या अखेरीपासून, सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ पासून, चीन नोव्हेंबर २०२३ पासून आणि कॅनडा जानेवारी २०२४ पासून या करारात आहे. ज्यांचे नातेवाईक दहा वर्षांपूर्वी सौदीला गेले त्यांचा अनुभव म्हणूनच आज जसाच्या तसा लागू पडत नाही. करारात नसलेल्या देशासाठी, उदाहरणार्थ संयुक्त अरब अमिराती, परराष्ट्र मंत्रालयाच्या साध्या साक्षांकनानंतर त्या देशाच्या वकिलातीची आणि मग तिथल्या परराष्ट्र खात्याची साक्ष लागते. करारात असूनही काही देशांचे आपसात जमत नाही. भारत आला तेव्हा जर्मनीने हरकत नोंदविली होती. म्हणून ज्या देशाला जायचे त्याच्या वकिलातीचा आणि बोलावणाऱ्या कंपनीचा लेखी खुलासा आधी घ्यावा आणि मगच पैसे खर्च करावे.

एजंटाविषयी

सगळे एजंट वाईट असतात असे माझे म्हणणे नाही. ज्याला रजा मिळत नाही, ज्याचे घर चारशे किलोमीटरवर आहे, त्याला कुणीतरी हेलपाटे घालणारा लागतोच, आणि त्याच्या श्रमाचे पैसे घेणे यात गैर नाही. पण आपण बैल विकत घेताना दात बघतो, तेवढे तरी इथे बघावे.

"विद्यापीठात जायची गरज नाही" असे जो म्हणतो त्याच्याकडे काम देऊ नये. साखळीची पहिली कडी गाळून जो पुढचा शिक्का आणतो, तो एकतर कुठल्या तरी वेगळ्या वाटेने आणतो, नाहीतर शिक्काच खोटा असतो. काहीजण परराज्यातल्या दंडाधिकाऱ्याची सही घेऊन पुढे पाठवायची तोड सुचवितात. कंपनीने किंवा वकिलातीने शिक्षण खात्याची साक्ष मागितली असेल तर ती सही उपयोगी पडत नाही आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. आणि शिक्का खोटा निघाला तर? विमानाचे तिकीट वाया जाण्यापर्यंत ते थांबत नाही. परक्या मुलखात पोलिसांचा ससेमिरा लागतो, आणि कागद आपल्या नावाचा असल्यामुळे जाब आपल्याच पोराला द्यावा लागतो. एजंट तेव्हा फोन उचलत नाही.

काम द्यायचेच तर मूळ कागदांची यादी करून त्यावर सही-तारखेची पोच घ्यावी. सरकारी फी किती आणि मेहनताना किती, हे वेगवेगळे लिहून घ्यावे. सगळे पैसे आगाऊ देऊ नयेत. पासपोर्टची प्रत द्यावी, मूळ पासपोर्ट ज्या कामाला खरोखर लागतो त्याच कामाला द्यावा. काम झाल्यावर अपोस्टीलवरचा क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासून पाहावा.

पदवी देणारी संस्था खरी आहे का, हेही प्रवेशाच्या वेळीच पाहावे. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याप्रमाणे पदवी देण्याचा अधिकार फक्त कायद्याने स्थापन झालेल्या किंवा मान्यता मिळालेल्या विद्यापीठालाच आहे. आयोग बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करतो. बनावट संस्थेच्या कागदाला जगातला कोणताही शिक्का जिवंत करू शकत नाही.

आज घरात करायच्या चार गोष्टी

परदेशाचे बोलावणे आले असो वा नसो, पुढील गोष्टी आजच कराव्यात.

एक, पदवी प्रमाणपत्र लॅमिनेशन करू नये, फ्रेम करून भिंतीला लावू नये. वडिलांच्या फोटोशेजारी लावायचे असेल तर त्याची रंगीत झेरॉक्स लावावी. मूळ कागद जाड फाईलमध्ये, ओल आणि वाळवी यांपासून दूर ठेवावा.

दोन, नाव ताडून पाहावे. दहावीचे बोर्ड सर्टिफिकेट, पदवी प्रमाणपत्र, आधार आणि पासपोर्ट समोरासमोर ठेवावेत. आपल्याकडे आडनाव आधी लिहायची रीत, पासपोर्टावर ते वेगळ्या रकान्यात. इंग्रजी स्पेलिंग एका ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी दुसरे. मुलीचे लग्नानंतर नाव बदललेले असते, प्रमाणपत्र माहेरच्या नावाचे असते. स्पेलिंगची चूक विद्यापीठाकडून दुरुस्त करून घ्यावी. नावच बदलले असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रातली नोंद किंवा विवाह नोंदणीचा दाखला तयार ठेवावा. मुलींच्या बाबतीत घरचे हे काम मागे टाकतात असा माझा अनुभव आहे. आपल्या कार्यक्षेत्रातल्या नर्सिंग झालेल्या मुलींना बाहेर मागणी आहे, त्यांचे कागद आधी बघा.

तीन, डिजिलॉकरवर मुलाचे खाते उघडावे. केंद्र शासनाची ही सोय २०१५ साली सुरू झाली. २०१६ च्या नियमांखाली, देणाऱ्या संस्थेने तिथे ठेवलेला दस्तऐवज मूळ कागदासमान धरला जातो. पदव्यांची राष्ट्रीय पेढीही २०१७ पासून आहे. आपल्या विद्यापीठाने त्या वर्षाच्या पदव्या तिथे चढविल्या आहेत का ते पाहावे. परराष्ट्र मंत्रालयाची 'ई-सनद' नावाची ऑनलाईन सोयही आहे. संस्थेचे दप्तर तिच्याशी जोडलेले असेल तर पुष्कळ हेलपाटे वाचतात.

चार, विद्यापीठाची पडताळणी आणि सर्व वर्षांची गुणपत्रके यांचे काम मुलगा सुट्टीला गावी आला की उरकून घ्यावे. दिवाळीला, यात्रेला पोरे येतातच. शासकीय सुट्टी सोडून एक दिवस विद्यापीठासाठी राखून ठेवावा.

शेवटी एवढेच सांगतो. मुंबईत राहणाऱ्या मुलाला वाटते की आता सगळे मुंबईतच होते, आणि गावातल्या बापाला वाटते की आपल्याला यातले काय कळते. दोघेही एकमेकांवर सोडून देतात आणि मधल्या मध्ये तारीख निघून जाते. खरे पाहता या कामाची मुळी गावाकडच्याच जमिनीत आहे. जो बाप अठरा महिन्यांच्या आडसालीची नोंद वेळेवर करतो, त्याला विद्यापीठाच्या खिडकीवर एक अर्ज देणे जड नाही.

तरी ज्या सभासदांची मुले-मुली पदवीधर आहेत त्यांनी या हंगामाची तोड सुरू होण्यापूर्वी घरातली फाईल एकदा उघडून पाहावी, ही विनंती. काही अडले तर नोंदीच्या दिवशी येताना फाईल बरोबर आणावी. आमच्या शिक्क्याचा उपयोग नसला तरी अर्ज वाचून दाखवायला आणि भरायला शेतकी खात्याचे कर्मचारी मदत करतील.

कळावे.